बेथेस्दाचें कुंड

जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या कोटाला पूर्वेकडे सिंहद्वार आहे. त्यानें आंत शिरल्यावर थोड्याच अंतरावर उजव्या हातास एक लहानसा दरवाजा लागतो. आंत फ्रेंच पाद्र्यांच्या ताब्यांतील आवार, बाग आणि संत अॅनचें चर्च आहे. बाराव्या शतकांत क्रूसेडवाल्यांनीं बांधलेल्या या इमारतीची ११९२ मध्यें सलादिनानें मद्रसा केली. तो शिलालेख अजून दारावर आहे. पुढें १८५६ मध्यें तुर्की सुलतानानें ही जागा फ्रान्सला दिली. येथील दगडी कमानींखालीं हलक्या आवाजांत म्हटलेलें पदही कितीतरी वेळ घुमत राहतें.

चर्चच्या शेजारीं एक प्रचंड खड्डा आहे. तेंच बेथेस्दाचें कुंड. योहानाच्या शुभवर्तमानांत या कुंडाला पांच पडव्या होत्या असें म्हटलें आहे. चौकोनी तळ्याला पांच पडव्या कशा, अशी शंका कित्येक पंडित काढीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें खणावयास आरंभ झाला, तेव्हां एकाऐवजीं दोन तळीं आणि मधला बांध निघाला. चार बाजूंच्या चार आणि बांधावरील एक, असा पांचांचा हिशेब जुळला. खोली सुमारें १३ मीटर. पुढें रोमन अमलांत येथेंच त्यांच्या वैद्यदेवतेचें, अस्क्लेपियसचें, स्थान होतें. आपल्याकडे वज्रेश्वरीच्या उन्हाळ्यांवर व्याधिग्रस्त लोक आशेनें जातात, तशीच ही जागा.

कथा अशी : या पडव्यांत आंधळे, लंगडे, लुळे रोगी पडून असत. पाणी हललें कीं जो प्रथम उतरेल तो बरा होतो, अशी समजूत होती. (देवदूत येऊन पाणी हलवितो, हें वाक्य सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीं.) त्यांत एकजण ३८ वर्षें आजारी होता. येशूनें त्याला बरें व्हावयाचें आहे काय, एवढेंच विचारलें. तो 'होय' म्हणाला नाहीं. मला पाण्यांत उतरविणारें कोणी नाहीं, मी पोंचेपर्यंत दुसराच पुढें होतो, असें गाऱ्हाणें त्यानें सांगितलें. येशूनें त्याला पाण्यांत नेलेंच नाहीं. ऊठ, अंथरूण घे आणि चालूं लाग, असें सांगितलें; आणि तो चालूं लागला. दिवस शब्बाथाचा होता. नियम राखणाऱ्यांनीं त्याला अडविलें आणि आज अंथरूण कां वाहतोस, म्हणून जाब विचारला. सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलेल्यांस हा प्रसंग अगदींच अनोळखी वाटणार नाहीं.

चमत्कार घडला कीं नाहीं, याचा निवाडा मी करीत नाहीं. त्या कठड्याशीं उभें राहून मला आठवल्या त्या आमच्या थोरल्या आत्याबाई. पक्षाघातानें त्यांचें उजवें अंग गेलें आणि माजघरालगतच्या खोलींत त्या सोळा वर्षें बाजेवर होत्या. घरांत अठरा माणसें; औषध, पथ्य, पाणी कधीं चुकलें नाहीं. परंतु तुम्हांला काय हवें, असें त्यांना विचारलें तें धाकट्या वहिनीनें, लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच वर्षीं. आत्याबाई म्हणाल्या, "ओटीवर बसून जाणारीं येणारीं माणसें पाहीन म्हणतें." दुसऱ्या दिवशीं बाज ओटीवर गेली. त्यांचा उजवा हात शेवटपर्यंत हलला नाहीं. पण डाव्या हातानें त्या भाजी निवडूं लागल्या, शेजारच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेऊं लागल्या. खोलींत कण्हणाऱ्या आत्याबाई ओटीवर रागावूं व हंसूं लागल्या.

या कथेंत मला मोलाचा वाटतो तो प्रथमचा प्रश्न. मला कोणी नाहीं, असें तो रोगी म्हणतो तें भर गर्दींत. भरल्या घरांतही हीच तक्रार मुक्यानें चाललेली असते. सेवा करणारे हात पुष्कळ असतात. रोग्याला त्याची इच्छा विचारणारें एखादेंच निघतें. ज्यांच्या घरीं अशी एखादी बाज असेल, त्यांनीं आज औषधाची मात्रा देऊन झाल्यावर क्षणभर तिच्या कडेला बसावें आणि हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर लागलींच येईल असें नाहीं. बेथेस्दाच्या रोग्यानेंही प्रथम गाऱ्हाणेंच सांगितलें होतें.