काढलं तेवढंच घाला

पुण्यात समुद्र नाही, त्यामुळे तो दर शनिवारी बादलीत बनवावा लागतो. आरओचं पाणी, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ, रात्रभर पंप चालू. रविवारी सकाळी टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून हे घालायचं. टाकीत क्लाऊनफिशची जोडी आणि मऊ प्रवाळ आहेत. दगडी प्रवाळांना २००१पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते मालवणच्या समुद्रातच बघावेत.

आता प्रश्न असा, की पाणी नक्की किती बदललं?

टाकी १०० × ४५ × ४५ सेंमी, म्हणजे दुकानाच्या भाषेत २०० लिटर. काचेची जाडी आणि वरची रिकामी जागा वजा केली की उरतात १६४. दगड-वाळू घालून भरताना मोजलं, तर मावलं १४०. त्यातलं दर आठवड्याला २० लिटर बदलायचं.

इथे १८ बदललं काय किंवा २२, फारसं बिघडत नाही. खरी मेख वेगळीच आहे. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरतात. माझ्याकडे हे काम तरंगता व्हॉल्व्ह करतो. तो बिचारा पातळी बघतो, कारण विचारत नाही. समजा २० लिटर काढलं आणि १९च घातलं, तर उरलेलं एक लिटर तो गोडं भरणार. म्हणजे ३५ ग्रॅम मीठ गेलं!

हे दर आठवड्याला होत राहिलं तर? कागदावर लूप चालवून बघा. क्षारता ३५वरून घसरत ३३.२५च्या आसपास थांबते, कारण ३५ × १९/२० म्हणजे तेवढेच. गंमत म्हणजे या आकड्याचा टाकीच्या आकाराशी संबंधच नाही. टाकी मोठी असेल तर तिथे पोचायला वेळ लागतो, इतकंच. आणि प्रवाळाला काही उठून दुसरीकडे जाता येत नाही.

उपाय साधा. व्हॉल्व्ह बंद करायचा. काढायला आणि घालायला एकच बादली, आणि दोन्ही वेळा हुकच्या काट्यावर वजन. २० लिटर खारं पाणी म्हणजे साधारण २०.५ किलो, बादलीचं वजन वेगळं. बादलीवरच्या रेघांपेक्षा काटा बरा.

घरचे म्हणतात, भाजी घेताना कधी एवढा काटा बघत नाहीस. खरंय. पण तिथे भाजीवाल्या मावशी वरून चार मिरच्या घालतात. इथे वरून काही घालायचं नसतं.