रजेचा कागद

मेजर असताना ईशान्येत माझ्याकडे एका कंपनीची कमान होती. पंजाबच्या सीमाभागातला एक शिपाई रजेवरून परतला तो पार खंगून. हात थरथरत होते, नाकाडोळ्यांतून पाणी. सुभेदार साहेब हळूच म्हणाले, “साब, चिट्टा है.”

चिट्टा म्हणजे हेरॉईन. एनडीएपासून अंगात भिनलेल्या शिस्तीमुळे माझ्या मनात पहिला विचार शिक्षेचा आला. साहेबांनी गळ घातली म्हणून आधी लष्करी रुग्णालयात पाठवला. परतल्यावर खाट बडीच्या शेजारी, ड्यूटी लंगरमध्ये, संध्याकाळी व्हॉलीबॉल. सहा महिन्यांत गडी ठणठणीत झाला. मी खूश होऊन त्याच्या रजेच्या कागदावर सही केली. तीन आठवड्यांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. पोरगा पुन्हा त्याच टोळक्यात होता.

पुढे मी व्हिएतनाम युद्धाबद्दल वाचलं. १९७१ मध्ये तिथून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केली होती. सुमारे २० टक्के सैनिक तिथे हेरॉईन, अफूच्या आहारी गेले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा अडकले. माणसं तीच होती, भोवताल बदलला होता.

माझ्या जवानाचं नेमकं उलटं. त्यांचं व्यसन युद्धभूमीवर मागे राहिलं, याचं गावाच्या वेशीवर वाट बघत उभं होतं. रुग्णालयाने त्याच्या अंगातलं विष उतरवलं, पण त्याला सावरून धरलं होतं बॅरेकने. तिथून मी त्याला एकट्याला गाडीत बसवलं. चूक माझी होती.

पुन्हा रुग्णालय, पुन्हा लंगर. पुढच्या वेळी बडीलाही सोबतच रजा दिली. बडी साताऱ्याचा. दोघे आधी त्याच्या घरी गेले, रानात आल्याची लागण केली, मग मिळून पंजाबला. रजा संपली त्या दिवशी दोघे वेळेवर हजर. त्याच्या हाताला थरथर नव्हती.

गेल्या महिन्यात तो पेन्शनवर गेला. आता रोल कॉल नाही, शेजारची खाट नाही. बातमी ऐकून आनंदाआधी धास्तीच वाटली. बडी रोज रात्री नऊला त्याला फोन करतो, रविवारी मी.

माजी सैनिक मित्रांनो, तुमच्या बडीचा नंबर अजून जवळ असेल. आज एकदा लावून बघा.