मांडीवरची जागा

पुरुषांचा प्रवास गाडी फाटकाबाहेर पडली म्हणजे सुरू होतो. बायकांचा त्याआधी पंधरा दिवस सुरू झालेला असतो, आणि घरात लहान मुले असली तर महिनाभर. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या घरी फराळाच्या डब्यांशेजारी दुसऱ्याच डब्यांची एक रांग लागलेली असेल. तुळशीचे लग्न आटोपले की आम्हाला मोटारीने तुळजापूरला जायचे आहे. धाकट्याला तिसरे वर्ष चालू आहे, आणि त्याचे जावळ कुलस्वामिनीच्या पायाशीच काढायचे असे सासूबाईंनी तो पाळण्यात होता तेव्हापासून बोलून ठेवले आहे. माहूरची रेणुकामाता आम्हा यवतमाळकरांना किती जवळ! परंतु कुलस्वामिनी काही अंतर पाहून ठरत नाही.

यवतमाळ ते तुळजापूर सुमारे ४०० किलोमीटर. रस्ता सरळ आहे. ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावावरूनच जातो. आर्णी, महागाव, उमरखेड. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. मग हदगाव, नांदेड, अहमदपूर, लातूर, औसा. "सकाळी निघू, दुपारचा चहा तुळजापुरात," असे ह्यांनी मोबाइलमधल्या नकाशावर बोट फिरवून जाहीर केले. नकाशात मुले नसतात, ही त्याची मोठीच सोय आहे. अडीच वर्षांच्या मुलाचा किलोमीटर निराळा असतो. त्याला तहान लागते ती बाटली पिशवीच्या तळाशी गेल्यावर, आणि दुसरी निकड लागते ती जिथे थांबायला मुळीच जागा नाही तिथे. मी दर दोन तासांना अर्धा तास विसावा धरला, जेवणाला एक तास धरला आणि रात्रीचा मुक्काम नांदेडला मागितला. नांदेडला माझी मावसबहीण राहते. मुक्काम मुलांसाठी नसून बहिणीसाठी आहे, असा ह्यांचा आरोप. असेलही. गणित त्यामुळे बदलत नाही.

दुसरा वाद निघण्याच्या वेळेचा. पहाटे तीनला निघायचे, मुले झोपेत असतात, रस्ता मोकळा असतो, हा तमाम बापमंडळींचा लाडका सिद्धांत. मुले झोपेत असतात हे खरे, पण त्या वेळी चालवणाऱ्याचाही डोळा लागतो त्याचे काय? १ जुलै २०२३ च्या उत्तररात्री दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतली मुले पुण्याला शिकायला आहेत. तेव्हापासून त्या घरांतल्या आया मुलगा पोहोचल्याचा फोन येईपर्यंत अंथरुणावर नुसत्या बसून असतात. शिवाय आता हंगाम कापसाचा. अंधारात कापसाने भरलेली बैलगाडी किंवा मागचा दिवा नसलेली ट्रॉली समोर आली, तर ती दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. तेव्हा आम्ही सूर्य उगवल्यावर निघणार आणि तो मावळण्यापूर्वी नांदेडात शिरणार. हा ठराव मी मतमोजणीशिवाय मंजूर करून घेतला.

मात्र खरा प्रश्न या दोन्ही वादांत नव्हता. तो निघाला एका खोक्यातून.

मी मुलांसाठी मोटारीतली दोन आसने मागवली. धाकट्याला पाच पट्ट्यांचे; थोरलीला, ती सात वर्षांची आहे, नुसती उंच बैठक, म्हणजे मोटारीचा पट्टा तिच्या गळ्यावरून न जाता खांद्यावरून जावा. किंमत महिन्याच्या किराण्याएवढी. सासूबाईंनी खोक्यातून निघालेल्या त्या वस्तूकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "काहून बांधता लेकराला? वासराला बांधतात. माझी मांडी आहे की!"

यावर उत्तर देणे सोपे नाही. सासूबाईंच्या मांडीवर ह्यांचे सगळे बालपण प्रवास करून आले, तसेच नणंदेचे, नणंदेच्या मुलांचे. स्वतः सासूबाई लहानपणी आपल्या आईच्या मांडीवर बसून 'शकुंतले'ने कारंज्याला आजोळी जात. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची गाडी यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत ११३ किलोमीटरवरच्या मूर्तिजापूरला पोहोचे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, मग डिझेलचे आले, आणि पुढे काही वर्षांनी गाडीच बंद पडली. मुले डब्यात इकडून तिकडे धावत, खिडकीतून हात काढून पळसाची पाने तोडू पाहत, आणि कंटाळली की कुणाच्याही मांडीवर झोपून जात. सासूबाई हे सांगू लागल्या म्हणजे ऐकत राहावेसे वाटते. त्या गाडीला घाई नव्हती. रमतगमत जाणाऱ्या डब्यात मूल मोकळे ठेवले तरी चालून जाई. मोटारीत ते चालत नाही, आणि हा दोष आजीच्या मांडीचा नाही, वेगाचा आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तोच धडा मी घरी काढला. म्हटले, "आई, गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि पुढे काहीतरी आडवे आले. आदळून गाडी थांबते. आतले माणूस थांबत नाही, ते त्याच वेगाने पुढे जाते. ५० च्या वेगाने आदळणे म्हणजे १० मीटर उंचीवरून, तीन मजली घराच्या गच्चीवरून, खाली पडणे. आपला धाकटा १२ किलोंचा. त्या निमिषात तुमच्या हातांना त्याची जी ओढ बसेल, ती तीनशे-साडेतीनशे किलोंच्या घरात जाईल."

सासूबाईंचे वडील इथल्याच एका जिनात मुनीम होते. त्यांना किलोचा आकडा भिववत नाही. त्यांनी विचारले, "म्हणजे गाठी किती?"

दाबलेल्या कापसाची गाठ १७० किलोंची. "दोन गाठी," मी म्हटले.

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने निवडायला घेतलेल्या तांदळात बोट फिरवीत म्हणाल्या, "एक गाठ सरकवायला चार हमाल लागत."

मांडीवरचे मूल आजीच्या आणि पुढच्या आसनाच्या मध्ये सापडते, आणि आजीचे वजनही त्याच पटीने वाढून त्याच्यावर येते, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेनेही काही गोष्टी घरात बोलू नयेत. इथे लिहिते आहे ती आपल्यासाठी. तसेच पुढच्या आसनावर, आईच्या मांडीवर मूल घेऊन बसणे त्याहून वाईट. समोरची हवेची पिशवी मोठ्या माणसाला वाचवण्यासाठी एका क्षणात फुटून फुगते. मुलाला तो तडाखा जिवावरचा ठरू शकतो. कायद्यानेही हे धरले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्याजोगे आसन नसले तर १००० रुपये दंड आहे. दंड भरताना आमच्या ओळखीत तरी मी कुणाला पाहिलेले नाही. आपल्याकडे नव्या मोटारीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, बोनेटवर हळदीकुंवाचे स्वस्तिक काढतात आणि मागच्या आसनाचे पट्टे गादीखाली खुपसून ठेवतात, कारण ते टोचतात! मागे बसलेल्याला काही होत नाही ही समजूत तर फारच जुनी. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले ते मागच्या आसनावर बसलेले होते, आणि पट्टा लावलेला नव्हता. मोटार उत्तमातली होती.

आसन आणले म्हणजे मूल त्यात बसते असे नव्हे. पहिल्या दिवशी धाकट्याने कमानीसारखी पाठ ताठ करून असा काही सूर लावला की शेजारीण विचारायला आली. मग मी ते आसन आठ दिवस दिवाणखान्यात ठेवले. त्यात बसून केळे खायचे, त्यात बसून गोष्ट ऐकायची. थोरलीने त्याला सिंहासन नाव दिले आणि काम फत्ते झाले. त्यानंतर एका रविवारी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाऊन रंगीत तालीम केली. मागे दोन खिडक्यांशी दोन आसने आणि मधे अंगाने काटक असलेल्या सासूबाई. मुलांना पट्टे लावून झाले, ह्यांनी किल्ली फिरवली, तोच धाकटा ओरडला, "आजीचा पट्टा!" सासूबाईंनी जन्मात पट्टा लावला नव्हता. नातवाने गाडी हलू दिली नाही. त्यांनी तो लावला, आणि कळंबपर्यंत त्याचा हात हातात धरून बसल्या. मांडी गेली तरी हात मोकळे राहिले होते.

कळंबला आणखी एक उमगले. थोरलीला गाडी लागते. पुस्तकात डोळे खुपसून बसली की हमखास. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण चाललो आहोत, डोळे म्हणतात आपण बसलो आहोत. या भांडणात पोटाचा निकाल लागतो. म्हणून तिला पुस्तक नाही, मोबाइल नाही. लांबचे शेत, लांबचा डोंगर बघायचा. निघण्यापूर्वी दूध भरपेट पाजायचे नाही. औषध डॉक्टरांना विचारूनच. पिशव्या, जुने टॉवेल आणि एक जोडी कपडे डिकीत नव्हे, माझ्या पायाशी. गाडीच्या टायरांतली हवा, जादा चाक वगैरे खाते ह्यांचे आहे, त्यात मी पडत नाही.

शिदोरीचे खाते अर्थातच सासूबाईंचे, आणि तिथे त्यांना कुणाचे विज्ञान लागत नाही. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, जवसाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, मुरमुरे, फुटाणे, आणि संत्री. ती खायलाही आणि मळमळले तर साल हुंगायलाही. शेंगदाणे आणि अख्खे फुटाणे धाकट्याला चालत्या गाडीत द्यायचे नाहीत, ही एकच सूचना मी केली, घशात अडकतात म्हणून. ती त्यांनी ताबडतोब मान्य केली. एक मूल असे दगावताना त्यांनी पाहिले आहे.

मग वाकळ निघाली. त्यांनी आपल्या दोन जुन्या लुगड्यांची एक छोटी वाकळ शिवली, आसनात घालायला, लेकराला पाठीला मऊ लागावे म्हणून. टाके बघण्यासारखे. मला ती परत करावी लागली. मुलाच्या अंगाखाली किंवा अंगाशी जाड कापड असले की पट्टा आवळल्यासारखा दिसतो आणि असतो सैल. धक्का बसला की कापड दबते आणि मूल पट्ट्यातून निसटते. जाड स्वेटरचेही तेच. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येऊ नये इतका अंगाला लागून हवा. हे सांगताना दोन गाठींच्या हिशेबाच्या वेळी वाटले त्यापेक्षा जड वाटले. त्या वेळी मी त्यांची मांडी नाकारली होती, आता लुगडीही.

सासूबाईंनी वाकळ उलटसुलट करून पाहिली. "वरून घातली तर?" त्यांनी विचारले.

वरून चालते. पट्टे लावून झाले की त्यांच्यावरून हवी तेवढी घाला. त्यांनी त्याच दुपारी तिच्या दोन कोपऱ्यांना नाड्या लावल्या, झोपेत लाथाडली तरी खाली पडू नये म्हणून.

काल आसने मोटारीत नेऊन कायमची बसवली. आसनांमधल्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्यांत ती अडकवायची आणि धरून हलवून पाहायची. बोटभरापेक्षा जास्त हलता कामा नये. धाकट्याला सिंहासन दिवाणखान्यातून गेले हे मुळीच मानवले नाही. संध्याकाळी तो मोटारीत जाऊन बसला आणि उतरेना. शेवटी सासूबाई वरणभाताची वाटी घेऊन अंगणात गेल्या, मोटारीचे दार उघडून उभ्या राहिल्या, आणि तुळजापूर किती लांब, नांदेड किती लांब, हे सांगत सांगत एकेक घास भरवू लागल्या.