उसनवारीवर माती नको

कोल्हापुरात आमच्या गल्लीत राहणारा एक हमाल पहाटे घरातच गेला. वय चाळीसच्या आत. मी पोचलो तेव्हा त्याची बायको गळ्यातले सोन्याचे मणी दिराच्या हातात देत होती. "सराफाकडे ठेवून या. लोक जमतील, सामान आणायला घरात काही नाही."

"वहिनी, ते आधी ठेवून द्या," मी म्हणालो. "पंचगंगेवर लाकडं-शेणीचे पैसे पडत नाहीत."

हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. महापालिका पंचगंगा स्मशानभूमीत मोफत दहन करते. लोक तिथे शेणी दान करतात. होळी आली की तालमी-मंडळं शेणी गोळा करून पोचवतात. गरिबाला ही माहिती नेमक्या वेळी सांगणारं कुणी जवळ नसतं.

मरण घरात आलं होतं, म्हणून डॉक्टरांचा दाखला लागणार होता. नेहमीचे डॉक्टर आले, तपासून मृत्यूचं कारण लिहून दिलं, फी घेतली नाही. बाकीचं सामान तालमीच्या पोरांनी आणलं. तिरडी बांधली जात असताना दीर कोपऱ्यात उभा राहून तळहातावर पेनने लिहीत होता: कळक, सुतळी, मडकं, कापड, कापूर. मी त्याचा हात धरला. "पूस ते. हे गल्लीचं आहे."

खरा घोर पुढेच होता. बाराव्याला जेवण घालायलाच हवं, असं पाहुणे म्हणू लागले. मी हात जोडून सांगितलं, रक्षाविसर्जनाच्या दिवशीच सगळं आटोपू. घरातल्या थोरल्या आत्याने होकार दिला आणि विषय मिटला.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. ती करून दाखला घेतला आणि वहिनींना तहसील कार्यालयात नेलं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस 18 ते 59 या वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून 20,000 रुपये एकरकमी मिळतात. रक्कम यायला वेळ लागला, पण आली तेव्हा ती सावकाराच्या व्याजात न जाता पोरांच्या शाळेला लागली.

मयताच्या घरी कुणी पैसे मागत नाही. मागायची लाज वाटते. म्हणून तिथे जाणाऱ्यानेच आपणहून विचारावं, दाखल्याचं काय, सामानाचं काय. आपल्या गावच्या स्मशानात काय फुकट मिळतं, हे प्रत्येक गल्लीत एकाला तरी पाठ हवं. माणूस गेल्यावर घर कर्जात बुडू न देणं हे शेजाऱ्यांचं काम आहे.