मुक्कामाची जागा

वेस्ट यलोस्टोन, माँटाना
५ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सॉल्ट लेक सिटीहून इथे पोचलो. प्रवास सुखाचा झाला, गुडघ्यांनीही त्रास दिला नाही. ऋचा आणि निखिल आळीपाळीने गाडी चालवतात आणि मागून हा अठरा फुटी ट्रेलर येतो. त्यात पलंग, शेगडी, फ्रीज, छोटं न्हाणीघर, सगळं आहे.

तू फोनवर विचारलंस, घरच बरोबर आहे तर एवढी आरक्षणं कशाला, वाटेल तिथे थांबावं. दादा, तसं करता येत नाही. राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी चौदा-चौदा दिवस फुकट राहता येतं, पण तिथे पाणी, वीज, मैल्याची टाकी रिकामी करायची सोय, यातलं काही नसतं. राष्ट्रीय उद्यानात तर नेमून दिलेल्या कॅम्पग्राउंडशिवाय ट्रेलर रात्री उभा करताच येत नाही. तिथल्या बऱ्याच जागा सहा महिने आधी, काही वर्षभर आधी आरक्षणाला खुल्या होतात. जानेवारीत ही दोघं पुण्याला आली होती, तेव्हा रात्री साडेआठ वाजले की लॅपटॉप उघडून बसायची, ते वहिनींनी पाहिलंय. इकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजतात आणि सहा महिन्यांनंतरच्या त्याच तारखेच्या जागा खुल्या होतात. पडद्यावरचे रिकामे चौकोन बघता बघता भरून जायचे.

कालच्या रात्रीपुरती उद्यानात जागा मिळाली नव्हती, म्हणून बाहेरच्या एका खासगी तळावर उतरलो आहोत. फोटोत नदी होती, काठावर झाडी होती आणि त्या जागेचे जास्तीचे पैसे आम्ही भरले होते. इथे आल्यावर काउंटरवरच्या मुलीने हातात नकाशा दिला, त्यावर दुसऱ्याच जागेचा आकडा. हवी तीच जागा मिळण्यासाठी ती पक्की करण्याचे आणखी वेगळे पैसे असतात, असं तिने सांगितलं. आरक्षण करताना हे कुठेच दिसलं नव्हतं. आमच्या वाट्याला आला खडीचा पट्टा. शेजारच्या ट्रेलरची खिडकी हाताच्या अंतरावर, त्यांच्या टीव्हीवर काय चाललंय ते मला आमच्या पलंगावरून ऐकू येतं. वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या मिळाल्या, तेवढं कबूल करायला हवं. पण नदीचे पैसे घेतले तर नदी दाखवायला हवी. ऋचाने फार शांतपणे तक्रार लिहून दिली. मला मात्र राग आला आणि तो अजून गेलेला नाही. आई-बाप वर्षभर साठवलेली चार दिवसांची रजा घेऊन मुलांसह येतात, त्यांना असं वागवू नये.

तुझी,
सुधा


फिशिंग ब्रिज, यलोस्टोन
७ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

यलोस्टोन हे १८७२ साली झालेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, म्हणून माझ्या मनात चित्र होतं ते सरोवराच्या काठी झाडांखाली एकटा उभा असलेला आपला ट्रेलर, असं. प्रत्यक्षात रांगांमागून रांगा आहेत. आमच्या जागेवरून सरोवर दिसत नाही, दिसतात त्या दुसऱ्यांच्या गाड्या. निखिल जरा हिरमुसला. पण वीज, पाणी, सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेला उद्यानातला हा एकमेव तळ आहे, आणि हा असा का आहे ते कुणी लपवलेलं नाही. हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. इथे तंबू चालत नाही, कापडी भिंतींचा ट्रेलर चालत नाही. टणक भिंतींच्या गाड्याच लावायच्या, असा नियम आहे. त्यामुळे मला इथे कमी मिळालं तरी मन खट्टू झालं नाही.

सरोवर ७७०० फुटांहून उंचावर आहे, जुलैतसुद्धा रात्री दोन ब्लँकेटं लागली. पहाटे हेडन व्हॅलीत गव्यांसारख्या बायसनचा मोठा कळप रस्ता ओलांडत होता. आम्ही इंजिन बंद करून थांबलो होतो. त्यांची वासरं लालसर तांबूस असतात, ती आईच्या पोटाशी चिकटून चालतात. वहिनींना सांग, फोटो पाठवते.

तुझी,
सुधा


फिश क्रीक, ग्लेशियर
११ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र खास तुझ्यासाठी, कारण तू आयुष्यभर जंगलात नोकरी केलीस.

मॅकडॉनल्ड सरोवराजवळचा हा तळ सरकारी आहे. १७८ जागा आहेत, पण गाडी आणि ट्रेलर मिळून पस्तीस फूट मावतील अशा त्यात अठराच. आमचे चौतीस फूट होतात, म्हणून त्या अठरांपैकीच एक हवी होती. जोडणी एकही नाही. ग्लेशियरच्या कुठल्याच तळावर ती नसते. टाकीतलं पाणी जपून वापरायचं, बॅटरी पुरवायची. स्वयंपाक झाला की ताटंसुद्धा आत ठेवायची, वासावर अस्वल येऊ नये म्हणून.

जागेत शिरताना अर्धा तास गेला. वाट अरुंद, एकदिशा. तिच्यातून फुटलेल्या तिरक्या फाट्यात ट्रेलर उलटा ढकलायचा. एका बाजूला मोठा धोंडा, दुसऱ्या बाजूला दोघांच्या कवेत मावणार नाही असं झाड. निखिल घामाघूम झाला. ऋचा मागे उभी राहून हात करत होती. शेजारची म्हातारी बाई आपण होऊन आली आणि दुसऱ्या कोपऱ्यावर उभी राहिली, तेव्हा जमलं. निखिल म्हणाला, इतक्या वर्षांत ही वाट रुंद का नाही केली? त्याचं उत्तर मी नंतर वाचलं, ते तुला कळवते.

१९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारी वाढल्या आणि लोक जंगलात शिरून हव्या त्या झाडाखाली गाडी लावू लागले. वनस्पतिरोगांचे अभ्यासक ई. पी. माइनेके यांनी कॅलिफोर्नियातल्या रेडवूडखाली पाहिलं, की चाकांनी आणि पावलांनी माती दबते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि काही वर्षांनी झाड वरून वाळत येतं. लोकांना येऊ नका म्हणणं शक्य नव्हतं. म्हणून १९३२ मध्ये त्यांनी तळाची आखणीच बदलण्याची योजना मांडली. एकदिशा वळणाची वाट, प्रत्येक कुटुंबाला गाडी लावायला एक फाटा, पुढे जाता येऊ नये म्हणून कडेला धोंडे, टेबल आणि चूल ठरलेल्या जागी. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या बेकार तरुणांनी देशभर असे तळ बांधले. आज जागांना जे आकडे आहेत आणि जे आपण घरबसल्या आरक्षित करतो, त्याचं मूळ तिथे आहे. ट्रेलर वाढले तर ही सगळी व्यवस्था धोक्यात येईल, हेही माइनेकेंनी त्याच दशकात लिहून ठेवलं.

हे वाचल्यावर तो धोंडा मला वेगळाच दिसायला लागला. त्याच्यामागे झाडाची मुळं आहेत. तू मेळघाटात वाहनतळाची जागा ठरवताना सागापासून चार पावलं मागे सरकायला लावायचास आणि कंत्राटदार कुरकुरायचे, ते आठवलं. वाट रुंद करू नये असं माझं ठाम मत झालं आहे. गाड्या लहान कराव्यात. इथल्या गोइंग-टु-द-सन रस्त्यानेही तेच केलंय. मधल्या डोंगराळ टप्प्यात एकवीस फुटांपेक्षा लांब वाहन जाऊच देत नाहीत. आम्ही ट्रेलर तळावर ठेवला आणि १९३० च्या दशकातल्या लाल बसने लोगन खिंडीपर्यंत गेलो. छपराचं कापड मागे सारलं होतं. एका बाजूला कडा डोक्यावर झुकलेला, दुसऱ्या बाजूला दरी. बसमध्ये कुणी बोलत नव्हतं.

पण इथे एक गोष्ट मनाला फार लागली. काल संध्याकाळी जेवणानंतर आमच्या वळणावर फेरी मारली. फाटकावर ‘जागा शिल्लक नाही’ अशी पाटी होती. एक जोडपं दोन लहान मुलांना घेऊन आलं होतं, त्यांना परत फिरावं लागलं. आणि आत चार जागा रिकाम्या. खांबाला नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या, टेबलावर वाळकी पानं, कुणी आलेलंच नाही. सकाळीही त्या तशाच होत्या. ऋचा म्हणाली, लोक सहा महिने आधी दोन-तीन ठिकाणी धरून ठेवतात आणि मग एकीकडेच जातात. वेळेत रद्द केलं तर दहा डॉलर कापून बाकीचे परत मिळतात, तरी करत नाहीत. न येणाऱ्याला थोडा दंड आहे आणि पहिल्या रात्रीचं भाडंही जातं, पण तो दंड कुणाला बोचत नाही. माझ्या मते तो बोचेल इतका असावा, आणि संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर जागा फाटकावरच्या माणसाला द्यावी. खासगी तळावर आमची नदी गेली, ते आमच्यापुरतं होतं. इथे त्या दोन मुलांची रात्र गेली, आणि ती जागा त्यांच्यासाठी रिकामी होती.

तुम्ही दोघं पुढच्या उन्हाळ्यात यायचं म्हणता आहात. तारखा डिसेंबर संपायच्या आत नक्की करून ऋचाला कळवा, म्हणजे ती जानेवारीत जागा धरेल. आणि काही कारणाने बेत बदलला, तर संकोच न करता त्याच दिवशी कळवा. ती जागा लगेच सोडून देईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुधा