भाजणी

उतारवयात माणसाला एखादे खूळ लागावे, असे माझे मत आहे. ज्याला ते लागत नाही तो स्वयंपाकघरात लक्ष घालू लागतो. मला कॉफीचे खूळ लागले आणि त्या खुळापायीच मी स्वयंपाकघरात शिरलो, ही गोष्ट वेगळी.

वास्तविक आमचे घर चहाचे. कॉफी व्हायची ती उपासाला, आजारपणात, नाहीतर मोठे पाहुणे आले तर. भरपूर दूध, भरपूर साखर आणि वर जायफळ. कॉफीला स्वतःचा म्हणून काही वास असतो, हे त्या जायफळाने मला साठ वर्षे कळू दिले नाही. ते कळले २०१९ साली, मुलीकडे मिलानला गेलो तेव्हा. तिकडे कॉफीच्या दुकानाला 'बार' म्हणतात. 'बाबा सकाळीच बारमध्ये गेलेत,' असे जावयाने फोनवर आपल्या आईला सांगितले, तेव्हा पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नाही म्हणे! तिथे उभ्याउभ्याच एस्प्रेसो प्यायलो. दोन घोटांचा कारभार! पण खाली रस्त्यावर आलो, ट्राममध्ये बसलो, घरी पोचलो, तरी तो घोट जिभेवरून जाईना.

परत आल्यावर एक लहानसे यंत्र घेतले आणि एक वही घातली. वहीत आकडे: पूड १८ ग्रॅम, कपात उतरणारी कॉफी ३६ ग्रॅम, वेळ २५ ते ३० सेकंद, पाणी ९३ अंशांच्या आसपास, दाब हवेच्या नऊपट. मिलानच्याच गाजिया नावाच्या गृहस्थाने १९४८च्या सुमारास दांड्याचे यंत्र बाजारात आणले, आणि त्या दाबाने कॉफीवर सोनेरी साय धरू लागली. माझ्या कपात साय धरे. पण कधी आंबट, कधी कडू. पूड जाड असली तर पाणी धावत सुटे, बारीक असली तर थेंब थेंब रडे. शेवटी असे ठरवले की दोष बाजारातल्या शिळ्या बियांचा आहे. चिकमगळूरहून कच्च्या बिया मागवल्या आणि २०२२च्या थंडीत लोखंडी कढईत भाजायला घेतल्या.

कच्ची बी हिरवट असते, तिला गवताचा वास येतो. ती आधी पिवळी पडते, मग पावासारखा वास सुटतो, मग तपकिरी होते आणि दोनशे अंशांच्या जवळपास लाहीसारखी तडतडते. फोलपटे घरभर उडतात. पहिले चार घाणे मी जाळले. खिडक्या उघडूनही दिवाणखान्यात धूर कोंडला. तरी सौभाग्यवती चकार शब्द बोलली नाही! एरवी उदबत्तीचा वास जास्त झाला तरी नाक मुरडणारी बाई! माझ्या छंदाला घरातून मान्यता मिळाली, असे समजून मी खूश होतो. पाचव्या घाण्याला मी मोठ्या फुशारकीने म्हणालो, "अगं, आज वास बघ कसा सुटलाय!"

ती हसली आणि म्हणाली, "असेल."

तेवढ्याने माझा हातातला झारा थांबला. २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने तिचा वास नेला होता आणि तो परत आला नव्हता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचे तेल ती सकाळ-संध्याकाळ नाकाशी धरत असे. त्या बाटल्या माझ्या वहीशेजारीच होत्या. मी ग्रॅमचे आणि सेकंदांचे हिशेब ठेवत होतो, आणि हे मात्र विसरून गेलो होतो.

माझी कढई करपू लागली तशी तीच म्हणाली, "अहो, हलवा ना! दुसऱ्यांदा तडतडतंय ते. आवाज बारीक झालाय."

"तुला कसं कळलं?"

"कान आहेत ना मला अजून."

तेव्हापासून घाणा तिच्या कानांवर उतरतो. ती थांबा म्हणाली की मी कढई उतरवतो, ती बिया सुपात पाखडते. दोनशे ग्रॅमचे एकशे सत्तर होतात. मग आठवडाभर थांबायचे, कारण बियांत कोंडलेला कर्बवायू निघून जावा लागतो. कप हाती आला की ती विचारते, "आज कसा आहे वास?" नुसते 'छान' म्हणून भागत नाही. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, गुळाच्या ढेपेसारखा, असे शोधून सांगावे लागते. ती डोळे मिटून ऐकते. मिलानचा घोट मला अजून जमलेला नाही. पण नाक मात्र बरेच शिकले.

२०२१पासून आमच्याकडे चकलीची भाजणी विकतची येत होती. एके काळी हिच्या भाजणीसाठी शेजारणी वाटी घेऊन येत. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, पोहे, धने, जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. आणि सगळा भरवसा नाकावर. ते नाकच गेल्यावर तिने ती कढई माळ्यावर टाकली होती. गेल्या दिवाळीच्या आधी तिने ती खाली काढायला सांगितली. म्हणाली, "तुमचं नाक शिकलंय ना आता? या इथे उभे राहा."

मी उभा राहिलो. मुलाखतीलाही एवढा घाबरलो नव्हतो. तांदूळ तिने आवाजावर उतरवले, डाळीचा रंग डोळ्यांनी पाहिला, आणि खमंगपणा तेवढा माझ्यावर सोपवला. उडदाच्या डाळीला मी 'झाली' म्हटले. करपेल या भीतीने म्हटले, हे मला माहीत होते.

पहिली चकली तिने माझ्या हातात दिली. मी ती मोडली. आवाज ऐकून ती म्हणाली, "उडीद डाळ एक मिनिट आधी उतरवलीत."

मी ते वहीत लिहून ठेवले आहे. त्याच वहीत, कॉफीच्या आकड्यांखाली.