कॉम्प्रेसर गेलाय, ताई!

फ्रीज नेमका कुणाचा, यावरून आमच्या हॉस्टेलमध्ये अधूनमधून वाद होतो. मेकॅनिकलवाल्या म्हणतात, फ्रीज आमचा, थर्मोडायनॅमिक्समध्ये त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे. आम्ही इलेक्ट्रिकलवाल्या म्हणतो, मोटरच फिरली नाही तर ते प्रकरण काय चाटायचंय? गंमत म्हणजे, वाद घालणाऱ्यांपैकी एकीनेही कधी फ्रीजच्या मागे वाकून पाहिलेलं नसतं. माझ्यावर ती वेळ आली मे 2024 मध्ये, जळगावला, आमच्या घरी.

पारा 43 च्या वर. सकाळी आईने फ्रीज उघडला तर आतला दिवा लागला, पण दुधाचं पातेलं कोमट आणि बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी. दूध, भाज्या गेल्या तर गेल्या. खरा प्रश्न होता आजीच्या इन्शुलिनचा. न फोडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात, आणि गोठूनही चालत नाहीत. वापरात असलेली बाटली काही आठवडे बाहेर चालते, पण साधारण 30 अंशांच्या आत. मे महिन्यात आमच्या घरात 30 अंश फक्त माठात मिळतात! बाबा नव्या बाटल्या घेऊन तडक औषधवाल्या काकांकडे गेले आणि त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवून आले. चालू बाटली आजीने घट्ट झाकणाच्या डबीत घातली, जुन्या माठात थोडं पाणी घेऊन त्यात डबी ठेवली आणि माठाला ओलं फडकं गुंडाळलं. "फ्रीज नव्हता तेव्हा माणसं राहत नव्हती की काय?" असं वर म्हणालीसुद्धा. पण दर तासाला उठून फडकं ओलं करत होती.

दुपारी मेकॅनिक आला. त्याने मागे हात घालून कॉम्प्रेसरला बोट लावलं, चटका बसल्यासारखं मागे घेतलं आणि आईला म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय, ताई. साडेपाच हजार लागतील. त्यापेक्षा नवाच घ्या." एकही स्क्रू न काढता निदान झालं! बाबा काही बोलले नाहीत, पण मनात हिशोब चालू आहे हे चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, "बाबा, मला उद्यापर्यंतचा वेळ द्या. मग ठरवा."

मग मी घड्याळ घेऊन फ्रीजच्या मागे बसले. पहिलं काम फक्त ऐकायचं. आवाज असा: आठ-दहा सेकंद 'हूंऽऽ', मग 'टक्', मग तीन-चार मिनिटं शांत. पुन्हा हूं, पुन्हा टक्.

या एका 'टक्'ने अर्धा अभ्यास संपवला. हूं आवाज येतोय म्हणजे वीज प्लगपासून थर्मोस्टॅटमधून मोटरपर्यंत पोचतेय. म्हणजे प्लग, वायर, थर्मोस्टॅट सगळे निर्दोष सुटले. आवाजच आला नसता तर त्यांना आधी पकडावं लागलं असतं. मोटरला करंट मिळतोय, पण ती फिरत नाही. न फिरणारी मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते आणि तापते. मग ओव्हरलोड प्रोटेक्टर, ज्याला दुकानात 'ओएलपी' म्हणतात, त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि टक् करून करंट तोडते. गार झाली की परत जोडते. मेकॅनिकला बसलेला चटका याचाच होता. गरम कॉम्प्रेसर म्हणजे मेलेला कॉम्प्रेसर नव्हे.

मग ती फिरत का नाही? हॉस्टेलवाल्यांना हे समजवायला पुस्तक नको. खोलीतला पंखा आठवा! कपॅसिटर गेला की तो नुसता हुंकार देतो आणि जागचा हलत नाही. मग कुणीतरी टेबलावर चढून फूटपट्टीने ढोसतं आणि पंखा चालू लागतो (बोटं जपा!). सिंगल फेज मोटरचं दुखणं हेच आहे. मुख्य वाइंडिंग एकटं तिला फिरतं ठेवू शकतं, पण उभी असताना पहिला धक्का देऊ शकत नाही. तो धक्का स्टार्ट वाइंडिंग देतं. फ्रीजचा कॉम्प्रेसर तर वेल्डिंग केलेल्या लोखंडी डब्यात बंद. तिथे ना फूटपट्टी पोचत, ना डोळा. बाहेर येतात फक्त तीन पिना. आतलं जे काही कळायचं ते या तीन पिनांवरूनच.

प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढला. हे पहिलं, आणि यात तडजोड नाही. बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढलं, पिनांवर बसवलेला रिले आणि ओएलपी ओढून काढले. मिनी प्रोजेक्टसाठी घेतलेला पिवळा मल्टिमीटर बॅगेत होताच. दोन-दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजला: 14, 21 आणि 35 ओहम. 14 अधिक 21 बरोबर 35! सर्वांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका आला, म्हणजे दोन्ही वाइंडिंग सलग आहेत, कुठे तुटलेली नाहीत. कुठल्याच पिनेचा कॉम्प्रेसरच्या बॉडीशी संबंध दाखवत नव्हता, म्हणजे शॉकचीही भीती नाही. सॉकेटवर व्होल्टेज 221. तेही ठीक.

उरला रिले. हातात घेऊन सहज हलवला तर आत खुळखुळ वाजलं. लहान बाळाच्या खुळखुळ्यासारखं.

हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये रिले म्हणजे एक सिरॅमिकची चकती असते, नाण्याएवढी. तिला पीटीसी म्हणतात. गार असताना ती करंट सहज जाऊ देते, त्यामुळे स्टार्ट वाइंडिंगला धक्का देता येतो. त्या करंटनेच ती क्षणात तापते, तिचा रेझिस्टन्स हजारो ओहमवर जातो आणि स्टार्ट वाइंडिंग आपोआप सुटतं. ना कॉन्टॅक्ट, ना स्प्रिंग. आमची चकती फुटून तिचे तुकडे झाले होते.

संध्याकाळी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून पार्ट्सच्या दुकानात गेले. दुकानदार काकांना सगळे ओहम सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रिले कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "बेटा, हा आवाज आला की झालं. लाईट जाते-येते का तुमच्याकडे?" जाते. गेली की मिनिटाभरात येते आणि पुन्हा जाते. "मग हा फुटणारच."

का, ते त्यांनी उभ्या-उभ्या सांगितलं. लाईट लगेच परत आली तर चकती अजून गरम असते, धक्का मिळत नाही. शिवाय कॉम्प्रेसरच्या एका बाजूचा गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो, त्यामुळे मोटरला जास्त जोर हवा असतो. त्यात संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज 175 पर्यंत येतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे 230 च्या जागी 175 असताना तो साठ टक्केही उरत नाही. हे गणित मी परीक्षेत सोडवलं होतं. त्या गणितामुळे आजीचं इन्शुलिन माठात जाऊन बसतं, हे मात्र पेपरात नव्हतं.

रिले आणि ओएलपीची जोडी दोनशे साठ रुपयांना मिळाली. ओएलपीने दिवसभर टक्-टक् करून मार खाल्लेला, म्हणून तोही बदलला. सगळं जागेवर बसवून, झाकण लावून, मगच प्लग घातला. हूं... आणि टक् आलंच नाही. रात्री दहापर्यंत मागची जाळी कोमट झाली आणि फ्रीजरमध्ये पांढरा थर धरला. पुढच्या आठवड्यात बाबांनी तीन मिनिटं थांबून मग वीज देणारा स्टॅबिलायझर आणला.

त्या मेकॅनिकचं चूकच होतं असं मी म्हणणार नाही. कॉम्प्रेसर खरंच जातात. पिनांमध्ये काहीच रीडिंग आलं नाही, किंवा बॉडीशी जोडलेलं दाखवलं, किंवा नवा रिले आणि पूर्ण व्होल्टेज असूनही मोटर हुंकारत राहिली, तर तो म्हणतो तेच खरं. पण ते निदान शेवटी करायचं असतं. आधी प्लग, मग व्होल्टेज, थर्मोस्टॅट, रिले, ओएलपी, आणि सगळे सुटले की मग कॉम्प्रेसर. स्वस्तातून महागाकडे, बाहेरून आत. गॅसच्या नळीला मात्र आपण हात लावायचा नाही. नव्या फ्रीजवर आर-600ए लिहिलेलं असेल तर तो आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ. गळाला तर पेट घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज नीट गार झाल्यावर बाबांनी औषधवाल्या काकांकडून बाटल्या परत आणल्या. आजीने त्या दाराच्या कप्प्यात स्वतः लावल्या. माठ मात्र तिने अजून काढलेला नाही. म्हणते, "असू दे. तुझी परीक्षा आली की कुठे बसणारेस फ्रीजच्या मागे?"